इंगर क्रिस्टेन्सन : आकड्यांवर बेतलेली कविता श्रोत्यांपुढे कशी ठेवायची?

चांदणवेल
आमच्या काव्यवाचन गटात पुढच्या महिन्यात डॅनिश कवयित्री इंगर क्रिस्टेन्सन (१९३५–२००९) घ्यायचं ठरलंय. वेळ दीड तास, श्रोते वीसेक, बहुतेकांनी नावही ऐकलेलं नाही. मुख्य पुस्तकं तीन : 'दे' (म्हणजे 'ते', १९६९), 'अल्फाबेत' (म्हणजे वर्णमाला, १९८१) आणि 'फुलपाखरांची दरी' (१९९१). तिन्ही सुझाना नीड यांच्या इंग्रजी अनुवादात हाताशी आहेत.

अडचण अशी की तिन्ही पुस्तकं आकड्यांच्या सांगाड्यावर उभी आहेत. तो सांगाडा आधी सांगावा की नाही? माझं मत : सांगू नये. एकदा सांगितलं की लोक ओळी मोजत बसतात. आणि दीड तासात नेमकं काय काय बसवावं? जाणकारांनी सुचवावं.

मधली_सुट्टी
रुमाल टाकून ठेवतो. डॅनिश म्हटलं की मला बिस्किटांचा निळा डबा आठवतो, ज्यात शेवटी सुईदोराच निघतो.

घाटपायथा
चांदणवेल, 'अल्फाबेत'पुरतं तरी सांगाच. तिथे सांगाडा बाजूला ठेवला तर अर्धी कविता जाते.

रचना अशी : १४ विभाग, ए पासून एन पर्यंत. प्रत्येक विभाग त्या त्या अक्षराच्या शब्दांनी सुरू होतो आणि विभागातल्या ओळींची संख्या फिबोनाची श्रेणीने, म्हणजे दर वेळी मागच्या दोन आकड्यांच्या बेरजेने वाढते : १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९... पहिल्या विभागात एकच ओळ : जर्दाळूची झाडं आहेत, जर्दाळूची झाडं आहेत. दुसऱ्यात दोन ओळी : नेचे, ब्लॅकबेरी, आणि त्यांच्याच पंगतीत ब्रोमीन आणि हायड्रोजन. तिसऱ्यात रातकिडे, लिंबाची झाडं, सुरूची झाडं आणि एकदम लहान मेंदू. चौथ्यात कबुतरं, स्वप्नं पाहणारे, बाहुल्या, मारेकरी, धुकं, डायॉक्सिन हे विषारी रसायन, दिवस, मरण आणि कविता. सगळ्यांना एकच क्रियापद : 'आहे'. कबुतर आहे तसंच डायॉक्सिनही आहे.

आता दुसऱ्या विभागातला तो हायड्रोजन लक्षात ठेवा. तिथे तो नेच्यांशेजारी निमूट बसलाय. पुढे बऱ्याच ओळींनंतर हायड्रोजन बॉम्ब येतो, अणुबॉम्ब येतो, कोबाल्ट बॉम्ब येतो. त्यांनाही तेच क्रियापद. म्हणजे पहिल्या दोन-तीन ओळींत जे पेरलं तेच पुढे उगवून वर येतं. श्रेणी इथे याच कामाला आहे : झाडाची फांदी ज्या हिशोबाने वाढते त्याच हिशोबाने शस्त्रांची यादीही वाढते. हे श्रोत्याला कळलं नाही तर त्याला नुसती निसर्गातल्या वस्तूंची लांबलचक यादी ऐकू येईल, आणि विसाव्या मिनिटाला तो चहाची वाट बघू लागेल.

कोरा_कागद
घाटपायथा, असहमत. ओळींची संख्या कानाला ऐकू येत नाही. ५५ आणि ६० ओळींतला फरक मंचावरून कुणाला कळणार? कागदावरचा हिशोब कागदावर राहू द्यावा. ऐकणाऱ्यापर्यंत पोचतं ते 'आहे, आहे'चं आवर्तन. ते आपल्याकडच्या नामावलीच्या जातीचं आहे आणि ते कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

घाटपायथा
५५ आणि ६० चा फरक कळणार नाही, मान्य. पण १, २, ३, ५, ८, १३ नक्की कळतात. पहिला विभाग श्वास सोडेपर्यंत संपतो, सहावा अर्ध्या-पाऊण मिनिटाचा होतो, आठव्याला चांगली दोन-अडीच मिनिटं लागतात. प्रत्येक वेळी मागच्या दोन विभागांच्या बेरजेइतकं ऐकावं लागतं. आकडा कळत नाही, पण हे आवरत नाहीये एवढं कळतं. तेवढं पुरे.

नाममात्र
धाग्याच्या विषयावर हरकत : २००९ मध्ये गेलेल्या बाई 'समकालीन' कशा? जिवंत कवी हवा असेल तर पिया टाफद्रुप (जन्म १९५२), सोरेन उलरिक थॉमसन (१९५६), उर्सुला आन्कियेर ओल्सन (१९७०) आहेत. यह्या हसन तर पंचविशीही गाठू न शकलेला मुलगा (१९९५–२०२०), २०१३ च्या पहिल्याच संग्रहाच्या लाखावर प्रती खपल्या, आणि सगळा संग्रह मोठ्या अक्षरांत. कवितेच्या पुस्तकाला हा खप जगात कुठेही अचाट म्हणावा लागेल.

चांदणवेल
नाममात्र, समकालीन हा शब्द मी धाग्यात वापरलेलाच नाही :) पण यह्या हसनवर वेगळा धागा काढाच, वाचायला आवडेल.

पिंपळपान
श्रेणीबद्दल एक भर. हे मराठी श्रोत्यांना सांगाच, कारण ही श्रेणी मुळात कवितेतूनच निघाली आहे.

लघूची (ल) एक मात्रा, गुरूची (गा) दोन. ठरावीक मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येईल?
एक मात्रा : ल. एकच प्रकार.
दोन मात्रा : लल, गा. दोन.
तीन मात्रा : ललल, लगा, गाल. तीन.
चार मात्रा : लललल, ललगा, लगाल, गालल, गागा. पाच.
पाच मात्रांना आठ, सहांना तेरा.

कारण सोपं आहे. n मात्रांची ओळ एकतर लघूने संपते (आधी n−१ मात्रा) नाहीतर गुरूने (आधी n−२). म्हणून मागच्या दोघांची बेरीज. विरहांक या जुन्या छंदशास्त्रकाराने हे आधी सांगितलं, जैन आचार्य हेमचंद्राने बाराव्या शतकाच्या मध्याला गुजरातेत स्पष्ट नियम म्हणून लिहिलं. पिसाच्या लिओनार्दोचे, म्हणजेच फिबोनाचीचे, गणितातले ससे १२०२ चे, म्हणजे त्यानंतरचे.

गंमत पुढे आहे. शाळेत श्रेणी १, १, २, ३ अशी शिकवतात. छंदशास्त्रातली मोजणी मात्र १, २, ३, ५ अशी सुरू होते, आणि 'अल्फाबेत'ही तशीच. बाईंना हेमचंद्र माहीत होता असं मुळीच म्हणत नाही. पहिल्या दोन विभागांना एकेक ओळ देण्यात त्यांना अर्थ वाटला नसेल, एवढंच. पण लगावली (लघु-गुरूंची मांडणी) घोटलेल्या श्रोत्याला हे दोन मिनिटांत पटेल, आणि 'कवितेत गणित कशाला' हा प्रश्न परस्पर मिटेल.

मधली_सुट्टी
हे 'सगळं आपल्याकडे आधीच होतं' छाप प्रतिसादांपेक्षा बरंच बरं निघालं. वाचनखूण साठवली.

कोरा_कागद
पिंपळपान, सुरेख. पण मग चौदाव्यावर का थांबल्या? डॅनिश वर्णमाला २९ अक्षरांची आहे. अर्धीच केली.

पिंपळपान
कागद-पेन्सिल घ्या. तेराव्याला ३७७. त्या हिशोबाने चौदाव्याच्या वाट्याला ६१०, पंधराव्याला ९८७, विसाव्याला १०,९४६ आणि एकोणतिसाव्या अक्षराला ८,३२,०४० ओळी. पानाला ३० ओळी धरल्या तर शेवटच्या एका अक्षराला जवळपास पावणेअठ्ठावीस हजार पानं. कुठेतरी थांबणं श्रेणीतच लिहिलेलं आहे. थांबण्यासाठी एन हे अक्षर मिळालं, जे गणितात 'कोणतीही संख्या' म्हणून वापरतात, हा योग झकासच.

मधली_सुट्टी
पावणेअठ्ठावीस हजार पानं, आणि प्रकाशक म्हणणार, 'प्रस्तावना जरा मोठी करा'.

घाटपायथा
कोरा_कागद, शेवटाबद्दल अजून एक. एन म्हणजे रात्री. तिथे शेवटी मुलांचा एक घोळका गुहेत आसरा घेतो, त्यांच्याकडे फक्त एक ससा बघतोय. जळून गेलेल्या शेतांबद्दल वारा त्यांना सांगतो, आणि त्यांना आता उचलून घेणारं कुणी नाही. इतकी वाढ-वाढ-वाढ करून कविता येते ती आडोशाला बसलेल्या चार पोरांपाशी. हिशोबाच्या सोयीने थांबलेली कविता असा शेवट करत नाही.

हिरोशिमा-नागासाकीचा भागही बघा. तिथे मृत-जखमींचे आकडे सरळ दिलेत. पुस्तकभर आकडे वाढत असतात आणि तिथे मात्र ते जागच्या जागी थिजलेले. वाचताना हा भाग सपाट आवाजात वाचा. अभिनय केलात की गेलं.

शाईचा_डाग
अवांतर : उच्चार कसे करायचे हे कुणीतरी सांगा. जन्मगावाचं नाव इंग्रजी लिपीत 'वेजले' दिसतं, डॅनिश लोक 'वायले'च्या जवळपास काहीतरी म्हणतात आणि शेवट गिळून टाकतात.

नाममात्र
गिळायचंच. 'दे'चंही तसंच, शेवटचा 'त' फक्त लिहायला असतो.

सदाफुली
'दे'बद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून लिहिते. नाव या पुस्तकाने झालं. १९६९ साल, त्यातल्या ओळी तेव्हा भिंतींवर आणि घोषणांत गेल्या. पण दीड तासाच्या कार्यक्रमात ते संपूर्ण घेऊ नका, पचणार नाही.

बांधणी : प्रलोगोस, लोगोस, एपिलोगोस (प्रास्ताविक, शब्द, समारोप) असे तीन भाग. प्रलोगोसमध्ये आठ टप्पे, प्रत्येक टप्पा ६६ ओळींचा, फक्त तुकडे वेगळे. पहिल्या टप्प्यात ६६ ओळींची एकच कविता. मग ३३ ओळींच्या २, २२ च्या ३, ११ च्या ६, ६ च्या ११, ३ च्या २२, २ च्या ३३, आणि शेवटी एकेका ओळीच्या ६६ कविता. ६६ ला जे आठ आकडे भाग देतात तेवढेच टप्पे. मूळ डॅनिशमध्ये ओळसुद्धा ६६ टंकांची आहे, टाइपरायटरवर मोजून बसवलेली. एक अखंड गोळा फुटत फुटत कणांपर्यंत येतो, तेही एकूण वस्तुमान न बदलता. विषयही तोच : काही नव्हतं, मग 'ते' झालं, मग त्याचे भाग पडत गेले.

मधला लोगोस : रंगमंच, कृती, संहिता असे तीन विभाग. प्रत्येकात आठ गट, प्रत्येक गटात आठ कविता. ३ × ८ × ८ = १९२. हे आठ गट भाषाशास्त्रज्ञ व्हिगो ब्रोंडाल यांच्या शब्दयोगी अव्ययांवरच्या सिद्धांतातून उचललेत : सममिती, सातत्य, जोडणी, विस्तार वगैरे. मला हा भाग सगळ्यात जड जातो. गटाचं नाव आणि कवितेचा विषय यांचा सांधा दर वेळी दिसत नाही, आणि तो शोधत बसलं की वाचन अडतं. त्यामुळे चांदणवेल, इथे तुमचं बरोबर. लोगोसमधलं वाचणार असाल तर वर्गवारी सांगू नका.

'एप्रिलमधलं पत्र' (१९७९) हा छोटा संग्रहही सोडू नका. सात भाग, प्रत्येकी पाच कविता, मांडणीमागे संगीतकार मेसियां. आई-मुलाचं रोजचं बोलणं, त्यामुळे नवख्याला सर्वांत जवळचा वाटतो.

कोरा_कागद
सदाफुली, ६६ टंकांची ओळ हे मला आत्ता कळलं. मग इंग्रजी अनुवादात त्याचं काय होतं?

सदाफुली
रुंदी हुबेहूब राखली तर वाक्य मोडतं. ओळींचे हिशोब मात्र राहतात आणि तेच महत्त्वाचे. प्रलोगोस समजून घ्यायला पुस्तक उघडून नुसती पानं लांबून बघितली तरी चालतं.

लेखणीबहाद्दर
आता माझ्या लाडक्या पुस्तकाकडे. 'फुलपाखरांची दरी' म्हणजे सुनीतांची, म्हणजे चौदा ओळींच्या कवितांची माळ. उपशीर्षक 'शोकगान'. जागा आहे मॅसेडोनियातल्या प्रेस्पा सरोवराजवळची ब्रायचिनोची दरी, भर दुपारचं ऊन. तापलेल्या जमिनीतून फुलपाखरं रंगीत धुळीसारखी वर उठतात : हिंगूळ, पिवळी माती, सोनं, फॉस्फरसचा पिवळा.

नियम : १५ सुनीतं. प्रत्येकाची शेवटची ओळ ही पुढच्याची पहिली ओळ. चौदाव्याची शेवटची ओळ ही पहिल्या सुनीताची पहिली. आणि पंधरावं, म्हणजे मुख्य सुनीत, हे आधीच्या चौदांच्या पहिल्या ओळी क्रमाने मांडून झालेलं. एकूण २१० ओळी, त्यांतल्या वेगळ्या १८२ च. १४ ओळी तीनतीनदा येतात आणि त्यांना तिन्ही ठिकाणी अर्थ द्यावा लागतो. शोकगानाला हे शोभतं : गेलेली माणसं अशीच परतपरत येतात, दर वेळी वेगळ्या संदर्भात.

यमकांकडे नीट बघा. तिची योजना कखकख गघगघ चछच जछज (सारखं अक्षर म्हणजे सारखं यमक). लागून असलेल्या कोणत्याही दोन ओळी यमकात नाहीत. ही हौस नव्हे, गरज आहे. मुख्य सुनीताच्या लागोपाठच्या दोन ओळी कुठल्यातरी सुनीताचं पहिलं आणि शेवटचं टोक होतात. त्या दोघी यमकात असतील तर त्या सुनीतात पहिल्या आणि चौदाव्या ओळीचं यमक एक होऊन जातं आणि योजना कोलमडते. इटालियन कवी पेत्रार्कची कखखक कखखक योजना घेतलीत तर दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या सुनीतात अडकाल. शेक्सपिअरसारखं शेवटी जोडयमक ठेवलंत तर तेरावं सुनीत बिघडेल.

पिंपळपान
वा. हे कधी लक्षातच आलं नव्हतं. मग मराठीत माळ लिहायची तर?

लेखणीबहाद्दर
केशवसुतांपासून मराठीत सुनीत रुळलंय, त्यामुळे घाट परका नाही. पण आपल्या बऱ्याच सुनीतांत शेवटी जोडयमक असतं, ते इथे सोडावं लागेल. क्रम असा ठेवा :

१. मुख्य सुनीत आधी लिहा. ते शेवटी 'जमून येईल' अशी आशा ठेवणारे सातव्या सुनीतापाशी गार होतात.
२. त्याची प्रत्येक ओळ स्वतःच्या पायावर उभी असू द्या. 'आणि', 'म्हणून', 'ज्याने'ने सुरू होणारी ओळ शेवटी चालते, पण तीच पुढच्या सुनीताच्या तोंडाशी आली की लंगडते.
३. मुख्य सुनीतात सात यमकं. प्रत्येक यमकाला माळेत किमान सहा वेगळे शब्द लागतात : दोन मुख्य ओळींचे, आणि त्या दोन्ही ओळी आणखी दोनदोन जागी येतात तिथले जोडीदार चार. सहाची यादी होत नसेल तर ते यमक आधीच टाकून द्या.
४. मराठीत क्रियापदांचं यमक फार स्वस्त पडतं, 'येते-जाते-गाते' कितीही मिळतील. १४ सुनीतं तसलीच झाली की माळ रडगाण्यासारखी वाजते. मुख्य ओळी नामांवर संपवा.

वृत्ताचंही बघा. डॅनिशमध्ये पहिल्या चार ओळी ११, १०, ११, १० अक्षरांच्या आहेत, एकीचा शेवट हलका, दुसरीचा ठोसर. शार्दूलविक्रीडितात १९ अक्षरं ठरलेली, बाराव्यावर यती (विराम). ओळ लांब, त्यामुळे पुनरावृत्ती जड वाटते. मी असतो तर जातिवृत्त (मात्रा मोजून बांधलेलं) घेतलं असतं.

शाईचा_डाग
फुलपाखरांची नावं नुसती सजावट आहेत की त्यांतही काही दडलंय?

लेखणीबहाद्दर
दडलंय ना. पहिल्याच सुनीतात अपोलो जातीचं एक फुलपाखरू येतं, त्याचं शास्त्रीय नाव 'नेमोसिनी'. ग्रीकांची स्मृतीची देवी. सगळं काव्य आठवणींवर आहे आणि ती देवी तिसऱ्या कडव्यातच उडून जाते. पुढे शोकवस्त्र पांघरलेलं काळसर फुलपाखरू येतं, डॅनिशमध्ये त्याचं नावच तसं आहे. मग पाठीवर कवटीची खूण असलेला पतंग. आणि पंखांवरचे डोळे : शत्रूला चकवण्यासाठी असतात तेच शेवटी वाचणाऱ्याकडे रोखून बघतात, मरणाचे डोळे होऊन.

मधली_सुट्टी
महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत. यमक : वसंत, अनंत, संत, खंत, महंत. मूळ शब्द धरून सहा झाले, घ्या लिहायला.

लेखणीबहाद्दर
'खंत' आणि 'नीलवंत' एका माळेत? हा धोका पत्करून बघा :)

चांदणवेल
सगळ्यांचे आभार. मत अर्धं बदललंय. आता कार्यक्रम असा डोक्यात आहे : 'एप्रिलमधलं पत्र'मधल्या दोन कविता, पिंपळपान यांची लगावलीची दोन मिनिटं, 'अल्फाबेत'चे पहिले दहा विभाग, मध्यंतर, 'दे'च्या प्रलोगोसची पानं पडद्यावर आणि त्यातला छोटा तुकडा, शेवटी 'फुलपाखरांची दरी'. बरोबर वाटतंय?

घाटपायथा
पहिल्या दहा विभागांच्या २३१ ओळी होतात, मिनिटाला १५ धरल्या तर जवळपास साडेपंधरा मिनिटं. बसतं. पण दहावा विभाग एकट्याने वाचू नका. ८९ ओळींत आवाज कंटाळतो. पहिले पाच एकाने, सहा ते आठ दुसऱ्याने, नऊ-दहा दोघांनी आळीपाळीने. आणि 'आहे'वर दर वेळी जोर देऊ नका, तिसऱ्या विभागानंतर तो शब्द हळूच सोडायचा. बाईंच्या स्वतःच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण मिळवा आणि पहिला विभाग डॅनिशमध्येच ऐकवा. दहा सेकंद लागतील.

कोरा_कागद
लगावली आधी नको, आठव्या विभागानंतर सांगा. तोवर त्यांना वाढ जाणवलेली असेल, मग कारण कळलं की नववा-दहावा वेगळे ऐकू येतील. हा माझा आणि घाटपायथांचा तह समजा.

लेखणीबहाद्दर
'फुलपाखरांची दरी' १५ ही वाचा, गाळू नका. पहिलं, सातवं आणि पंधरावं अशी निवड केली तर मुख्य सुनीतातल्या बहुतेक ओळी श्रोते पहिल्यांदाच ऐकतील आणि पंधराव्याचा परिणाम शून्य होईल. सुनीताला मिनिटभर धरलं तर १५ ते १८ मिनिटं. वेळ कमी पडला तर 'दे' कापा.

सदाफुली
कापा काय! पडद्यावरची पानं तरी ठेवा. दोन मिनिटंच लागतात.

चांदणवेल
पानं राहतील. लगावली आठव्यानंतर. दुसरा वाचणारा शोधायला लागते.

मधली_सुट्टी
मी येतो. फक्त पहिला विभाग द्या, एकच ओळ आहे.